परब विरुद्ध परब

सोमवार, ४ ऑगस्ट १९८६

माझा दाढीचा आरसा चार बोटं खाली आला आहे!

एकोणीस वर्षं तो खिळा जागचा हलला नव्हता. मरोळच्या या दोन खोल्यांत खाट हलली, कपाट हललं, रेडिओची जागा टीव्हीने घेतली — पण माझा आरसा स्थिर होता. आज सकाळी गालांना साबण फासून उभा राहिलो, तर आरशात माझी हनुवटी आणि बनियनचं भोक. डोकं गायब. वाकून दाढी केली. दोन ठिकाणी कापलं. रक्तबंबाळ अवस्थेत चौकशी केली तेव्हा सुनंदा पोळी उलटत म्हणाली, "माझ्या उंचीला लावला हो. बोलायची सवय करतेय. तुम्ही काय, वाकाल."

वाकाल!

बोलायची सवय हिला कशाला? वाकोल्याच्या शाळेत सतरा वर्षं चाळीस-चाळीस पोरांना गप्प बसवतेय. तर म्हणे, वर्गप्रतिनिधी झाले ना, बोलावं लागतं.

झाली खरी. मागच्या आठवड्यात. आमच्या संध्याकाळच्या लॉ कॉलेजात पहिल्या वर्षाच्या वर्गाने तिला बिनविरोध निवडलं. मीही निवडून आलो — दुसऱ्या वर्षातून, एकतीस विरुद्ध बारा. लढून! बिनविरोधात काय कर्तबगारी? पण कॅण्टीनमध्ये अभिनंदन होतं ते तिचं. मला विचारतात, "बाई आल्या का?"

मी कॉलेजात आधी आलो. एक वर्ष आधी. रेशनिंग ऑफिसातून दमून येऊन टॉर्ट्सचा कायदा पाठ करायचो तेव्हा ही शेजारी बसून तांदूळ निवडायची. निवडता निवडता म्हणाली, "हे मलाही जमेल." जमलं!

असो. माझं लक्ष वर आहे. विद्यापीठ प्रतिनिधी. वर्गप्रतिनिधी नऊ, त्यात क्रीडा आणि सांस्कृतिक मिळून अकरा मतं. त्यातलं एक माझंच. जयवंत म्हणतो, "सर, सात आपली धरा." जयवंत माझ्या वर्गातला, कॉलेजचा सांस्कृतिक प्रतिनिधी, बँकेत आहे, चोवीस वर्षांचा आणि राजकारणात मुरलेला. इतक्या लहानपणी माणूस इतका कसा मुरतो, कैरीसारखा?

मंगळवार, ५ ऑगस्ट

फॉर्म भरला. विद्यापीठाच्या फोर्टातल्या त्या मोठ्या दालनात बसायचं, समोर पाण्याचा ग्लास, ग्लासावर झाकण. दिवाळी अंकांतून वीस वर्षं निवडून आलेल्यांची टिंगल केली. लोक हसले, अंक रद्दीत गेले. एकदा तरी कुणी माझं बोलणं कागदावर उतरवून घ्यावं — हसण्यासाठी नव्हे. हे कुणाला सांगण्यासारखं नाही.

बुधवार, ६ ऑगस्ट

जेवताना: "अहो, मीपण फॉर्म भरला."

"कसला?"

"तोच."

बाबा पाटावरून बघत होते. सुलक्षणा — वय सतरा, जीभ माझी, बाजू आईची — म्हणाली, "झकास! आता पोस्टर एकच काढा. 'परबांनाच मत द्या.' खर्च वाचेल."

कारण काय, तर पहिला तास. आमचा पहिला तास पावणेसहाला. ऑफिसं सुटतात साडेपाचला. पंधरा मिनिटांत जो पोचतो तो एक तर कॉलेजच्या फाटकात नोकरीला असतो, नाहीतर थापाड्या. तास बुडतो, हजेरी कमी पडते, टर्म जाते, वर्ष जातं. सुनंदाचं म्हणणं, पहिला तास सव्वासहाला घ्यायला विद्यापीठाकडून मंजुरी आणायची. कॉलेज म्हणतं, आमच्या हातात नाही.

"मग मी आहे ना," म्हटलं. "मी बोलेन तिथे."

"काय बोलाल?"

मी तिथल्या तिथे तीन वाक्यांचा विनोद करून दाखवला. पहिल्या तासाला फक्त भिंती हजर असतात, म्हणून भिंतींना वकिलीची सनद द्यावी. चांगला होता!

ती हसली नाही. "पुढे?" म्हणाली.

पुढे काय? पुढे टाळ्या. तिला वाटतं विनोदानंतर काहीतरी असतं.

बाबांनी ताट उचलता उचलता मत नोंदवलं. "माका इचारशात तर सूनच बरी बोलता." कुणी इचारलं होतं?

गुरुवार, ७ ऑगस्ट

उमेदवारांची यादी लागली. यादीत परब एकच! डी. एल.

खाली एक नाव टाइप करून लाल शाईने खोडलं होतं. परब एस. डी. ऑफिसातल्या धोंडिरामने खोडलं असणार. एका परबाने घाईत दोनदा फॉर्म भरला, असं त्याला वाटलं. दोन परब एकाच पत्त्यावरून एकमेकांविरुद्ध उभे राहतील हे त्या बिचाऱ्याच्या डोक्यात कसं यावं? माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

मी यादी वाचली. दोनदा वाचली. ऑफिस तेव्हा उघडं होतं. धोंडिराम आत दिसत होता.

मी कॅण्टीनमध्ये जाऊन चहा प्यालो.

इथे लिहून ठेवतो. इथेही थाप मारायची तर वही कशाला?

शुक्रवार, ८ ऑगस्ट

चूक दुरुस्त झाली. द्रौपदीने केली. ही तिसऱ्या वर्षाची प्रतिनिधी, इस्पितळात परिचारिका आहे, ड्यूटीवरून थेट येते. "ओ धोंडिराम, बाई कुठली नि बाप्या कुठला, कळत नाही व्हय तुला?" कॅण्टीनपर्यंत ऐकू आलं.

घरी सुनंदा म्हणाली, "तुम्ही काल यादी पाहिलीत ना?"

"घाईत होतो."

"हं."

त्या 'हं'वर मी एक लेख लिहू शकतो. दहा पानी. छापायचा मात्र नाही.

रविवार, १० ऑगस्ट

भीमराज घरी आला होता. माझ्याकडे नव्हे!

भीमराज तिसऱ्या वर्षाच्या दुसऱ्या तुकडीचा प्रतिनिधी. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आहे, दिंडोशीला राहतो. मूळ परभणीकडचा. माणूस असा की वर्षभरात माझ्याशी तीन वाक्यं बोलला, त्यातलं एक "सरका" होतं. त्याचं मत फिरलं की आणखी तिघांची फिरतात. जयवंत सहा दिवस त्याच्या मागे आहे, चहा पाजून पाजून.

तो आज आमच्या खाटेवर चाळीस मिनिटं बसला आणि बोलला. सुनंदाने एक चाळीस पानी वही केली आहे. कोण कुठे कामाला, किती वाजता सुटतो, किती वाजता पोचतो, किती तास बुडाले — सगळ्या कॉलेजचं! चौकोन आखून, शाळेच्या हजेरीपटासारखं. भीमराजने आपल्या तुकडीची माहिती आणली होती. सांगता सांगता म्हणाला, गेल्या वर्षी त्याची टर्म तीन तासांनी गेली. तीन! वर्ष पुन्हा करतोय. घरी बायकोला अजून सांगितलेलं नाही, ती समजते कोर्सच चार वर्षांचा आहे.

हे त्याने तिला सांगितलं. मी पेपर धरून बसलो होतो, त्याच पानावर.

जाताना मला "येतो परबसाहेब", तिला "येतो ताई". साहेब! सरकारी शिपाईसुद्धा मला साहेब म्हणतो, आणि पाठ वळली की काय म्हणतो ते मला ठाऊक आहे.

वीस वर्षं लोक मला बघून हसायला तयार होतात. हिला बघून बोलायला लागतात. तिने केलंय काय? फक्त विचारलंय! "तुम्ही किती वाजता सुटता?" हा काय प्रश्न आहे? हा मलाही विचारता आला असता.

वही उशाशी घेऊन झोपते आता.

मंगळवार, १२ ऑगस्ट

उमेदवारांची सभा. सगळं क्रमाने लिहितो, नाहीतर उद्यापर्यंत मी ते माझ्या सोयीचं करून टाकीन.

वर्ग भरलेला. आधी मी. भिंतींची सनद — हशा. प्राचार्यांच्या घड्याळावर एक — मोठा हशा. मग वाटलं, सगळ्यांच्या मनात नवरा-बायको आहे, तर आपणच तो विषय घ्यावा. आणि मी माझी हुकमी गोष्ट काढली. ती कधी फसलेली नाही. लग्नकार्यांत, सत्कारांत, ऑफिसच्या पिकनिकला — बावीस वर्षं चालते आहे.

गोष्ट अशी. १९६४. आम्ही दोघं बी.ए.ला, एकाच कॉलेजात. सुनंदा सावंत निवडणुकीला उभी. तिचं एकच वचन: मुलींच्या संडासाला कडी लावून घेणार. मी भिंतीवरच्या हस्तलिखितात लिहिलं, 'कडीवाल्या बाईंचा जाहीरनामा.' कॉलेजभर गाजला! ती जिन्यावरून आली की पोरं जिभेने आवाज काढायची — खट्! चौथ्या दिवशी तिने नाव मागे घेतलं. मी माफी मागायला गेलो, आणि तिथेच, मित्रहो, माझी स्वतःची कडी लागली!

हशा. बाकं वाजली. जयवंतने अंगठा दाखवला.

मग ती उठली. वही हातात. म्हणाली, "माझ्या प्रतिस्पर्ध्यांनी सांगितलं ते खरं आहे." प्रतिस्पर्धी! एकोणीस वर्षं 'अहो' होतो. "फक्त शेवट राहिला. ती कडी लागलीच नाही. तीन वर्षं आम्ही जोडीने जायचो. एक आत, एक बाहेर दार धरून. पोरं जिन्यात उभी असायची, आवाज काढत. मी पुष्कळ दार धरलं."

बस्स. आवाज चढवला नाही. पान उलटलं आणि पुढे म्हणाली, "आता पहिल्या तासाचं. आपल्या कॉलेजात एकशे बारा जण पावणेसहाला पोचूच शकत नाहीत. ही नावं."

द्रौपदी शेवटच्या बाकावर होती, ती टाळी न वाजवता नुसती उभी राहिली.

आणि मला पहिलं काय वाटलं? लाज? नाही! वाटलं — काय शेवट आहे! बावीस वर्षं ही गोष्ट माझ्याकडे होती आणि मला तिचा शेवट सापडला नाही. तिच्याकडे होता. इतकी वर्षं, माझ्या प्रत्येक हशाच्या वेळी, शेजारी बसून, तिच्याकडे होता.

कधी बोलली नाही.

मी तरी कुठे विचारलं, कडी लागली का?

बुधवार, १३ ऑगस्ट

घरात सगळं नेहमीसारखं. ही सर्वांत वाईट गोष्ट.

ऑफिसात पेन घेऊन बसलो आणि तिच्यावर 'घड्याळबाई' लिहून काढली. अडीच पानं. झकास उतरली! हात गेलेला नाही. जयवंत म्हणाला, "सर, जाळ आहे. सायक्लोस्टाइल करतो." म्हटलं, थांब, आधी मनोरीला वाचू.

मनोरी म्हणजे आपला बंदोबस्त. प्रत्येक कॉलेजात होतो. मतदानाआधी मतदार उचलायचे, कुठेतरी नेऊन खाऊपिऊ घालायचं आणि मतदानाच्या तोंडावर परत आणायचं. जयवंतच्या मामांचा मनोरीला बंगला आहे. पंधरा ते सतरा. सात मतदार, आम्ही दोघं धरून. भीमराजने चक्क हो म्हटलं!

गुरुवार, १४ ऑगस्ट

तिला सांगावंच लागलं. "तीन दिवस मनोरीला. मित्रमंडळी."

"किती जण?"

"सात."

"मग चटणी-पोळ्या देते. आणि नारळाच्या वड्या. बाहेरचं काही खाऊ नका, दिवस पावसाचे आहेत."

विरोधी उमेदवाराने पुरवलेली रसद! शत्रूच्या गोटात विष तरी घालतात. ही वेलची घालते.

रविवार, १७ ऑगस्ट

परत आलो. अंगात कणकण.

पहिल्या दिवशी वड्या संपल्या. "वहिनींच्या हाताला काय चव आहे हो सर!" असं प्रत्येकाने एकेकदा म्हटलं, दोघांनी दोनदा. पत्ते झाले. क्रीडा प्रतिनिधी शिवदास — वय सत्तेचाळीस, खेळ कॅरम — रमीत सगळ्यांना लुटत होता. दुपारी जयवंत उठला: "सरांनी एक आयटम लिहिलाय."

वाचली 'घड्याळबाई'. जयवंत हसला. आणखी एक जण हसला आणि मग इकडेतिकडे बघून थांबला. शिवदास म्हणाला, "छान आहे," आणि कागद मागून घेतले. आवडलं असेल, म्हटलं. त्याने पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर रमीचे गुण मांडायला घेतले! पाच डाव मावले. लेखकाला समीक्षक भेटतात, पण असा क्वचित.

शनिवारी सकाळी खाडीच्या धक्क्यावर मी आणि भीमराजच होतो. तो दात घासत होता. चूळ भरून म्हणाला, "परबसाहेब, एक सांगू?"

"सांग ना."

"मंगळवारी तुमच्या त्या गोष्टीला मीपण हसलो. बाक वाजवलं." ब्रश झटकला. "माझी बहीण शेवंती. आठवीतून शाळा सोडली. हुशार होती माझ्यापेक्षा. मला वाटायचं, तिला कंटाळा आला. ताई बोलल्या तेव्हा घरी जाऊन आईला विचारलं. शाळेला तसली सोयच नव्हती. इतक्या वर्षांत मी विचारलं नव्हतं."

एक विनोद आला होता जिभेवर. येतोच, सवय आहे. गिळला. माझ्या माहितीप्रमाणे पहिल्यांदाच.

आणि तरी लिहितो — मला भीमराजचाही हेवा वाटला! तो घरी जाऊन विचारू शकला.

आज निघताना जयवंतने नारळ आणला. सातही जणांनी नारळावर हात ठेवून शपथ घेतली, मत परबसरांना. भीमराजनेही ठेवला. नारळ तिथेच फोडून वाटला. जयवंत म्हणतो, "सात पक्की. तिच्याकडे चार. विषय संपला."

तो लग्नाला उभा राहिला तर मुलीकडच्यांकडून असाच नारळ घेईल.

सोमवार, १८ ऑगस्ट

ऑफिस. ताप. काही नाही.

मंगळवार, १९ ऑगस्ट

उद्या मतदान.

राखीपौर्णिमा. भीमराज संध्याकाळी येऊन तिच्याकडून राखी बांधून घेऊन गेला. उजव्या हाताला. त्याच हाताने नारळाला शिवला होता.

सुलक्षणा अभ्यासाला गेली, बाबा देवळात. आम्ही दोघंच. ती नारळीभाताचं पातेलं खरवडत होती. पुष्कळ दिवसांनी घरात कुणी बोलत नव्हतं आणि टीव्हीही बंद होता. म्हटलं, बोलू. बावीस वर्षांचं एकदम कसं बोलायचं? त्यापेक्षा विचारलं, "उद्या मत कुणाला देणार?"

असा प्रश्न विचारणारा गाढव जगात एकच.

ती म्हणाली, "मला. तुम्ही तुम्हाला द्या. उगाच रडारड नको, उपकार नको." मग पातेलं पालथं घालत म्हणाली, "चौसष्टला नाव मागे घेतलं ना, म्हणून स्वतःला मत द्यायचं राहून गेलं. कसं वाटतं ते बघायचंय."

मग हात पुसून माझ्या कपाळाला लावला. "ताप उतरलाय."

मला हरायचं नाही. अजूनही नाही. फोर्टातलं दालन, झाकणाचा ग्लास — दिसतंय सगळं. सात मतं आहेत. तिला चार मिळतील, ती वही बंद करील, आणि सकाळी उठून माझा डबा करील. तेवढ्यासाठी तरी हिने जरा वाईट वागायला हवं होतं.

बुधवार, २० ऑगस्ट

चिठ्ठ्या टाकल्या. प्राचार्यांनी एकेक उघडून मोठ्याने वाचली, धोंडिरामने फळ्यावर रेघा मारल्या. सौ. परब — अकरा. श्री. परब — शून्य.

जयवंत खाली बघत म्हणाला, "सर, वाटलं तुमची सहा आहेतच. माझं एक गेलं तर काय." बाकीच्या पाच जणांनाही बहुतेक तेच वाटलं असणार.

प्राचार्य चष्म्यावरून बघत राहिले. "मिस्टर परब, तुम्ही मत दिलंत ना?"

"दिलं," म्हटलं.

सुनंदा वहीत काहीतरी लिहीत होती. तिचं पेन थांबलं.